रिकामं व्हायन

दिवाळी सरली तरी पाऊस सरायचं नाव घेत नव्हता. शहाऐंशी सालची गोष्ट. निम्मं भात अजून उभं होतं, कापलेलं निम्मं खाचरात आडवं पडलं होतं आणि पाऊस रोज दुपार कलली की हक्काच्या पाहुण्यासारखा येऊन बसत होता. सकाळचं ऊन बघून बायकांनी भात उलटं करून वाळत घालायचं, आणि दुपारी तेच पाण्यातून उचलून बांधावर आणायचं. खालच्या अंगाच्या लोंब्यांना कोंब फुटले होते, पांढरे, उंदराच्या पिल्लाच्या शेपटीएवढे.

यमुनाबाईने एक लोंबी तळहातावर धरून डोळ्यांजवळ नेली.

"खाल्लान," ती म्हणाली. "वर्साचं खाल्लान पावसानं. आता कोंब्याचा भात करा नि गिळा."

गोदाने पुढची मूठ कापली. सासू बोलायची आणि सून काम करायची, अशी त्या घरातली वाटणी पहिल्यापासून ठरलेली. गोदाची कंबर सकाळपासून वाकलेली होती. सरळ केली तर कळ मस्तकात जाईल, त्यापेक्षा वाकलेलीच बरी, म्हणून ती तशीच पुढे सरकत होती.

"कमळे, तो विळा दे गो इकडं," यमुनाबाईने वाकल्या वाकल्याच हाक दिली.

कमळा बांधावर बसून चिखलाचे लाडू वळत होती. विळा तिच्या गुडघ्याला टेकलेला. तिने मान वर केली नाही.

"कमळे."

लाडू वळून झाला. तिने तो दुसऱ्या लाडवाशेजारी नीट ठेवला.

यमुनाबाई चिखल तुडवत बांधापर्यंत गेली. एका हाताने विळा उचलला आणि दुसऱ्या हाताने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "सगळं ऐकू येतं हिला. लबाड हाय. बापसाचा हट्ट घिऊन जल्मलीय."

कमळाने तोंड वाकडं केलं, डोळ्यांत पाणी आणलं, आणि मग मारणाऱ्या आजीच्याच ओच्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. यमुनाबाईने तिला झिडकारली नाही. ओच्याला लोंबकळती पोर तशीच घेऊन ती कापायला लागली.

पोरीला घातलेला धपाटा गोदाच्या पाठीत बसला होता. रोज बसायचा. पोर चार वर्षांची झाली, अजून एक शब्द नव्हता. कानामागे डाग होता, भाजलेल्या हळकुंडाचा. जीभ सुटावी म्हणून दोन वर्षांपूर्वी यमुनाबाईनेच देववला होता. पोरीचे पाय तिनेच धरले होते, आणि नंतर आठ दिवस त्या डागाला लोणीही तिनेच लावलं होतं. म्हातारीचं सगळं असंच. हात सैल आणि जीवही सैल. सासरा काशीराम वारल्यापासून घरात तिचं ऐकून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. मुलगा हरिश्चंद्र लोट्याला कंपनीत, आठवड्याच्या सुटीला यायचा. सून घुमी. मग म्हातारी दिवसभर बोलायची ती कमळाशी. गुडघा दुखतो ते, शेजारच्या जाईबाईची कोंबडी परसात आली ते, काशीराम लग्नात कसा दिसला होता तेसुद्धा. कमळा तिच्या हलणाऱ्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. एवढं मन लावून आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं यमुनाबाईचं. अशी पोर बहिरी आहे म्हणायला तिचा जीव कसा धजावणार?

आणि बहिरी नाही, तर हाक ऐकत का नाही? लबाड आहे म्हणून. मग धपाटा.

त्याच दुपारी बालवाडीच्या विमलाबाई छत्री घेऊन बांधावरून चालल्या होत्या. गोदाला बघून थांबल्या.

"गोदाबाई, रत्नागिरीला मुंबईचे डॉक्टर यायचेत, मशीन घेऊन. येत्या सोमवारी. लहान मुलांचे कान तपासणार."

"चिपळूणच्या डॉक्टरनं तपासलान की बाई. टाळ्या वाजवलान पाठीमागं. कदी वळली, कदी नाय वळली. म्हणाला, हट्टी हाय."

"ह्याच्यात टाळ्या नाहीत. मुलाला झोपवतात. डोक्याला वायरी लावतात आणि कानात आवाज सोडतात. आवाज आत पोचला की मेंदू जरासा हलतो, ते मशीनवर उमटतं. मुलाला काही विचारायलाच लागत नाही."

गोदाची कंबर त्या दिवसात पहिल्यांदा सरळ झाली. "इचारायला लागत नाय?"

"झोपलेल्या मुलाला काय विचारणार?"

"मंग लबाडी बी करता येत नसंल."

विमलाबाईंनी तिच्याकडे जरा बघितलं. "झोपेत कोण लबाडी करतं, गोदाबाई? फक्त आदल्या दिवशी डोकं धुवा तिचं, तेलाचा थेंब नको. आणि पहाटेपासून झोपू देऊ नका, म्हणजे तिथे झोपेल."

गोदा पुन्हा वाकली. पण आता हातापेक्षा डोकं जास्त चालत होतं. पोर बहिरी निघाली तर ती लबाड नाही. लबाड नाही, तर मारायचं कारण नाही. पुढे विळा चालवता चालवता ती मनात म्हणायला लागली, देवा, बहिरी निघू दे. म्हटलं, आणि तिची तीच चरकली. कुठली आई असं मागते?

रविवारी हरिश्चंद्र आला. कंपनीची बस त्याला हमरस्त्यावर सोडायची, तिथून चालत. अंगाला कंपनीचा आंबूस वास आणि डोळे लालभडक. आल्या आल्या त्याने खळ्यावर रचलेले ओले भारे बघितले आणि चप्पल न काढताच ओटीवर बसला.

"भात पान्यात, नि तू रत्नागिरीला?" गोदाचं ऐकून तो म्हणाला.

"एक दिवसाचं काम हाय."

"आनि इचारलं नाय काय आपून?" यमुनाबाई आतून बाहेर आली. "महिपत गुरवानं कौल लावलान तवा तू होतीस ना गो देवळात? देवीला दोनीकडं पाकळ्या चिकटवलान, पोर बोलंल तर उजवी दे म्हनून गाऱ्हाणं घातलान, नि उजवी पडली का नाय? मुंबैचा डॉक्टर देवीपेक्षा मोटा?"

"पडली," गोदा म्हणाली. "त्याला आता दोन पावसाळे झाले."

"देवीला घड्याळ दाखवतेस?"

हरिश्चंद्रला हसू आलं, ते त्याने मिशीत लपवलं. यमुनाबाई तेवढ्यावर थांबणारी नव्हती. पडवीच्या कोपऱ्यात कांडायचं दगडी व्हायन होतं, जमिनीत पुरलेलं उखळ, तिच्या सासूच्या काळापासूनचं. त्यात तिने मूठभर भिजवलेलं भात टाकलं. रिकामं व्हायन कांडू नये, घर रिकामं होतं, हे ती चुकूनही विसरायची नाही. मग तिने मुसळ उचललं. कमळा पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून, करवंटीत खडे भरत बसली होती.

मुसळ पडलं.

कमळा गर्रकन वळली. हसली. खडे टाकून धावत आली आणि आजीपुढे तळहात पसरून उभी राहिली. व्हायनात काही कांडलं की चिमूटभर तिच्या हातावर पडायचं, ही तिची ठरलेली वसुली.

"बग," यमुनाबाई मुलाला म्हणाली. "बहिरी म्हनं."

 हे गोदाने शंभरदा पाहिलं होतं. शेजारी बॉम्ब फुटला तरी न वळणारी पोर मुसळाला वळायची. अशा दिवशी तिलाच वाटायचं, सासू म्हणते ते खरं असेल. पोरीला आपलीच हाक तेवढी ऐकायची नसेल.

"जा," हरिश्चंद्र म्हणाला. "जाऊन ये एकदाची. नायतर जल्मभर मला बोलून दाखवशील. पन मंगळवारी झोडणीला खळ्यावर पायजेस. मी दोन दिवस रजा टाकलीय ती भारे बगायला नाय."

त्या संध्याकाळी गोदाने शिकेकाईने पोरीचं डोकं धुतलं, दोनदा.

सोमवारी पहाटे ती भाकरी थापत होती तेवढ्या वेळात यमुनाबाईने कमळाला ओटीवर घेतली. गोदा फडक्यात भाकरी बांधून बाहेर आली तर पोरीच्या डोक्यावर खोबरेल नुसतं चमकत होतं. कानशिलांवरून ओघळ आले होते.

"आत्ये, तेल नको म्हनून सांगितलं होतं," ती सासूला म्हणाली.

"परगावला चाललंय पोर. कोरडं डोकं घिऊन जाईल? लोक म्हनतील, घरात म्हातारं मानूस नाय." यमुनाबाईने शेवटचा हात टाळूवर जिरवला, भांग पाडला, आणि पदराच्या टोकाने पोरीचं कपाळ पुसलं. "गाडीत खिडकीशी बसव हिला. ओकते."

रात्री गावात वस्तीला थांबलेली एसटी सुटायला आली होती. धुवायला वेळ नव्हता.

चिपळूणला गाडी बदलली. पुढचा रस्ता घाटाघाटाचा, आणि पोर पहाटेपासून उठलेली. संगमेश्वरच्या अलीकडे कमळाची मान पडायला लागली. गोदाने तिला उभी केली. खिडकीच्या खाचेत साचलेलं पावसाचं पाणी तोंडावर मारलं. शेवटी दंडाला चिमटा काढला. पोर रडली तो आवाज ऐकून आख्खी गाडी वळली. तिचं रडणं इतर पोरांसारखं नव्हतं, एकसुरी होतं, घशाच्या तळातून येणारं. पुढच्या बाकावरची हिरव्या पातळातली बाई म्हणाली, "झोपू द्या की हो त्या लेकराला. आई आहात का कोण?"

"आवस हाय," गोदा म्हणाली, आणि पुन्हा चिमटा काढला.

शिबिर एका शाळेत होतं. वर्गाच्या खिडक्यांना आतून गाद्या उभ्या करून लावल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. व्हरांड्यात आया बसल्या होत्या, कुणी दाभोळहून आलेल्या, कुणी इथल्याच भाट्याच्या. मांडीवर पेंगणारी पोरं आणि सगळ्या त्यांना हलवून, गुदगुल्या करून, दटावून जागं ठेवत होत्या. पोरांना झोपवण्यात आयुष्य जाणाऱ्या बायका, आज उलटं काम करत होत्या. एकमेकींकडे बघून कसनुसं हसत होत्या. वीज दोनदा गेली. ती आली की आत काहीतरी घूं करायचं, मग पुन्हा शांत.

नंबर लागला तेव्हा ऊन कलंडलं होतं. आतल्या मुलीने, पांढऱ्या कोटातल्या, कमळाच्या डोक्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"तेल? बाई, सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"मग? वायर चिकटणार कशी यावर?" तिने बोटं कोटाच्या खिशातल्या रुमालाला पुसली. "तुम्हा लोकांना कितीही सांगा."

आजीने लावलं, असं गोदाच्या ओठावर आलं होतं. पण घरातलं बाहेर कशाला, म्हणून तिने पोरीचं डोकं नुसतं पुढे केलं. त्या मुलीने कापसावर स्पिरिट घेतलं आणि कपाळ, दोन्ही कानांमागच्या जागा घासघासून पुसल्या. कानामागचा डाग दिसला तेव्हा तिचा हात थांबला. तिथून पुढे तिने हलक्या हाताने पुसलं.

गोड औषधाचा एक चमचा पोटात गेला आणि कमळा गोदाच्या मांडीवरच झोपली. तिला गादीवर ठेवलं. मुलीने मलमासारखं काहीतरी लावून एक बारकी चकती कपाळावर चिकटवली, एकेक कानांमागे. गोदाला एकदम महिपत गुरव आठवला. सोवळ्याने, श्वास रोखून, ओल्या पाकळ्या देवीच्या दगडी अंगावर दाबणारा. तिथेही सगळे असेच गप्प उभे असायचे. आता उजवी की डावी?

कानांवर मोठे काळे डबे चढवले. मुलीने एक डबा उचलून क्षणभर गोदाच्या कानाला लावला. आत टकटकटकटक चाललं होतं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. एवढा आवाज पोरीच्या कानाशी आणि पोर निवांत, तोंड अर्धं उघडं टाकून. मशीनवर हिरवी रेघ थरथरत होती. डॉक्टर येऊन बसला. तरुण होता, दाढी वाढलेली, दमलेला. आवाज वाढवला, थांबला, आणखी वाढवला. एक कान झाला, दुसरा झाला. पोरगी उठेल म्हणून गोदा श्वास दाबून उभी होती. मग वाटलं, उठली तर बरंच की. उठ गो बाय. उठ.

डॉक्टरने कागद काढला.

"हे बघा. हे सकाळच्या एका मुलाचं." कागदावर लहान लहान डोंगर होते, एकापुढे एक. "कानात आवाज गेला की तो आत शिरेतून चढत मेंदूपर्यंत जातो. जिथे जिथे पोचतो तिथे असा उंचवटा येतो. आणि हे तुमच्या मुलीचं."

कमळाच्या कागदावर डोंगर नव्हते. भात कापून नेलेल्या खाचरासारखी रेघ, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

"मशीन बिगडलं नाय ना? लाइट सारकी जात होती."

"नाही."

"माज्या डोक्याला लावून बगा. मला ऐकू येतं. माजे डोंगर येत्यात का बगा."

पांढऱ्या कोटातली मुलगी दाराकडे बघून म्हणाली, "बाई, बाहेर अजून रांग आहे."

"दोन्ही कान," डॉक्टर म्हणाला. "जवळजवळ काहीच पोचत नाही. यंत्र लावूनही फार फरक पडेल असं नाही. इथे मुक्याबहिऱ्यांची शाळा आहे, राहायची सोय आहे. जूनमध्ये घाला. लवकर घातलीत तर शिकेल."

देवाने ऐकलं होतं. मागितलं तेच दिलं होतं, आणि आता गोदाच वाद घालत होती.

"पन मुसळाला वळते ती, डॉक्टर. पाट करून बसली तरी वळते."

"तेव्हा जमिनीवर बसलेली असते?"

"व्हय."

डॉक्टरने पाय उचलून फरशीवर टाच आपटली. "जमीन हलते ती अंगाला कळते. शरीर शहाणं असतं. घरी गेलात की कडेवर घ्या आणि मग मुसळ मारा. वळणार नाही." मग त्याने विचारलं, "तान्ही असताना मोठा ताप आला होता का?"

आला होता. कमळा रांगत होती तेव्हाचा. आभाळ फाटलेलं, वाटेतल्या ओढ्याला, पऱ्याला, पूर. हरिश्चंद्र लोट्याला अडकलेला. यमुनाबाईने पोर छातीशी बांधली, वर इरलं घेतलं, आणि कमरेएवढ्या पाण्यातून पऱ्या पार करून डॉक्टरकडे नेली. एकदा नाही, रोज, ताप उतरेपर्यंत. किती सुया हव्या तेवढ्या टोच पण माझी पोर जगव, म्हणून त्याच्या पायरीवर बसून राहायची.

"कसली इंजेक्शनं होती, माहीत आहे?"

"नाय."

"त्यातल्या एखाद्या औषधाने कधी कधी कान जातात. असूही शकतं, नसूही शकतं. नुसत्या तापानेही जातात. आता ते शोधून उपयोग नाही."

परतीच्या गाडीत कमळा औषधाच्या अमलाखाली झोपली होती, डोक्याला स्पिरिटचा आणि खोबरेलाचा वास. गोदाने दोन गोष्टी ठरवल्या. मुसळाचं सांगायचं. सुयांचं नाही सांगायचं. म्हातारीने पोर पुरातून नेली म्हणून आज मांडीवर आहे. तिला तेवढं तरी राहू दे.

मंगळवारी ऊन कडक पडलं. सकाळपासून झोडणी चालली होती. हरिश्चंद्र भारा डोक्यावरून फिरवून फळीवर आपटत होता, दाणे उडत होते. जाईबाई आली होती. त्यांच्या झोडणीला गोदा जायची, यांच्या झोडणीला ती. भाताची बारीक काटेरी कूस अंगभर लागून सगळ्यांची कातडी तडतडत होती. सकाळपासून कुणी काही विचारलं नव्हतं. दुपारी भाकरीला सगळे पडवीत बसले तेव्हा यमुनाबाईने, गोदाकडे न बघता, कालवण वाढता वाढता विचारलं.

"मंग, काय सांगितलान तुज्या डॉक्टरनं?"

"ऐकू येत नाय. दोनी कानांनी."

जाईबाईचा घास हातात राहिला. हरिश्चंद्रने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

यमुनाबाई उठली. सुपातलं मूठभर भात व्हायनात टाकलं आणि मुसळ मारलं. दाराशी कोंबडीच्या पिल्लामागे लागलेली कमळा थांबली, वळली, धावत आली, तळहात पसरला.

"मंग ह्ये काय? ह्ये कुनी ऐकलं? तुज्या डॉक्टरनं?"

जाईबाई म्हणाली, "वळली खरी गो."

गोदा उष्ट्या हातानेच उठली. पोरीला उचलून कडेवर घेतलं, व्हायनाकडे तिची पाठ केली. "आता मारा, आत्ये."

मुसळ पडलं. कमळा आईच्या गळ्यातले मणी चाचपत होती.

"मारा."

यमुनाबाईने दोन्ही हातांनी मारलं. फळीवरची भांडी वाजली, कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात पळाली. कमळाने एक मणी तोंडात घालून बघितला.

"अजून मारा."

मारलं. पुन्हा मारलं. व्हायनातल्या भाताचा भुगा झाला. म्हातारीच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "कमळे," ती मध्येच म्हणाली, "ए कमळे, हिकडं बग गो." कमळा मणी बघत होती.

गोदाने तिला खाली ठेवलं. "आता मारा."

मुसळ हलकेच पडलं, जवळजवळ हातातून सुटल्यासारखं. आणि कमळा वळली, हसली, तळहात पसरून आजीपुढे गेली.

"जमीन हलते, आत्ये. ती कानानं नाय ऐकत. पायानं ऐकते."

 इथे थांबली असती गोदा, तर निभावलं असतं. पण यमुनाबाईला हरायची सवय नव्हती. ती मुसळाला टेकून उभी राहिली, श्वास लागलेला, आणि मुलाकडे बघून म्हणाली, "आमच्यात नव्हतं असं कोन. हिच्या म्हायेरात बग. खोटीचं बी घरात आनलंस तू."

हरिश्चंद्रने आईला गप्प कर म्हटलं नाही. बायकोकडे बघितलं, हिशेब जुळल्यासारखं. त्या बघण्याने झालं ते झालं.

"म्हायेरचं नाय," गोदा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तापात तुमी सुया टोचून घेतलात ना रोज नेऊन? त्या सुयांनी कान गेले तिचे. डॉक्टर म्हणाला."

नसूही शकतं, एवढं तिने गिळलं.

यमुनाबाईचा हात मुसळावरून सुटला. मुसळ भिंतीला टेकलं आणि घरंगळत खाली आलं. ती तिथेच, व्हायनाच्या काठावर बसली. कमळा अजून तळहात पसरून उभी होती. यमुनाबाईने त्या तळहाताकडे बघितलं, बराच वेळ, तिथे काहीतरी लिहिलेलं असावं तसं. पण त्याच्यावर काही ठेवलं नाही.

"उठा, ऊन चाललंय," हरिश्चंद्र म्हणाला. सगळे खळ्यावर गेले.

त्यानंतर कमळाला कुणी मारलं नाही. गोदाला हवं होतं ते झालं. यमुनाबाईचा हात पोरीवर पुन्हा उठला नाही. विळा हवा असेल तर ती स्वतः उठून आणायची.

आणि हाक बंद झाली.

पहिल्यांदा गोदाच्या ध्यानात आलं नाही, बंद पडलेल्या गोष्टी चटकन ध्यानात येत नाहीत. हरिश्चंद्र पूर्वी पाणंदीतूनच "कमळ्ये" करत यायचा, तो आता गुपचूप येऊन पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा आणि ओटीवर टेकायचा. शाळेचं काढलं की म्हणायचा, "जूनचं जूनमदी बगू." जाईबाईची पोरं तिला भैरीण म्हणायला लागली, आणि कुणी त्यांना दटावलं नाही, कारण तिला कुठे कळतंय. मोठी माणसं तिच्यादेखत वाटेल ते बोलायला लागली. जाईबाई एकदा ओटीवर, कमळाच्या डोक्यावरून हात फिरवत, हरिश्चंद्रला म्हणाली, "दुसरीचा इचार कर हो. वंशाला काय ह्ये ठेवनार?" गोदा आत चुलीपाशी होती. तिला ऐकू येत होतं.

यमुनाबाई बोलायचीच थांबली. कुणाशीही. गुडघा दुखायचा तर नुसती धरून बसायची. पहाटे पोरीच्या डोक्याला तेल गोदाच लावायची, पण कमळा तिच्या हाताखाली वळवळायची, मान काढून घ्यायची. आजीचा हात वेगळा होता.

माघात एकदा गोदाच्याने राहवलं नाही. सासू जेवून चटईवर आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून. कमळाने चुलीतली राख पडवीभर पसरली होती, यमुनाबाईच्या चटईपर्यंत.

"आत्ये," गोदा म्हणाली, "एक धपाटा घाला तिला."

"कशाला?"

"राख केलीय बगा सगळीकडं. घाला नि बोला काय बोलायचं ते."

"तिला काय कळायचंय?" यमुनाबाई भिंतीला म्हणाली. "तूच सांगितलंस ना?"

डॉक्टर पुढे काय म्हणाला होता ते तेव्हा तरी सांगता आलं असतं. गोदा तशी दोनदा तोंड उघडून उभी राहिलीही. पण त्या पाठीला काय सांगायचं? आणि आता सांगितलं तर म्हातारी विचारणार, तेव्हा का गिळलंस.

ती पडवीच्या कोपऱ्यात गेली आणि मुसळ उचललं. व्हायनात काही नव्हतं. त्या झोडणीपासून कुणी काही कांडलंच नव्हतं, भात गिरणीत जात होतं. तळाला कोळ्याने जाळं विणलं होतं. तिने मारलं. दगडावर दगडासारखा आवाज झाला, आणि जमीन हलली.

ओटीवर, अंगणाकडे तोंड करून बसलेली कमळा वळली. तिचं सगळं तोंड हसलं. राखेतून पावलं उमटवत ती धावत आली, मुसळ धरलेल्या आईच्या जवळून, तिच्याकडे न बघता, तशीच पुढे गेली. चटईपाशी थांबली आणि तळहात पसरला.

थोडा वेळ थांबून तिने दुसरा हात म्हातारीच्या पाठीवर ठेवला.

रिकामं व्हायन कांडतेस, म्हणून यमुनाबाईने ओरडायला हवं होतं. गोदाने मुसळ पुन्हा उचललं आणि मारलं, आणि सासूच्या ओरडण्याची वाट बघत राहिली. यमुनाबाई जागी होती. डोळे घट्ट मिटून, भिंतीकडे तोंड करून, ऐकू न आल्यासारखी पडून राहिली.